पितळी वायसर

माझ्या गॅरेजात गाडी नंतर, आधी हात. शिरूरच्या न्हावरे फाट्यावर सव्वीस वर्षं मी हेच करतोय. गिऱ्हाईक आलं की त्याला त्याच्याच गाडीवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि सांगायचं, मुठीवरनं बोटं सैल सोड. बोटं जिथं पडतील तिथं लिव्हर पाहिजे. कंपनी लिव्हर लावते ती कुठल्या तरी सहा फुटी बाप्याच्या पंज्याला बघून. आपली माणसं मग मनगट वाकडं करून, बोटं ताणून वर्षानुवर्षं तशीच चालवतात आणि संध्याकाळी अंगठ्याला बाम चोळत बसतात. दोन बोल्ट सैल करून लिव्हर जरा खाली झुकवली, कोपरापासून बोटापर्यंत हात सरळ आला, की निम्मं दुखणं जातं. हे सांगणारा तालुक्यात मी एकटा. लोक मला तोंडावर वस्ताद म्हणतात आणि पाठीमागे खडूस म्हणतात. दोन्ही खरं आहे.

सीमा माझी भाची, ललिताची थोरली. नदीपलीकडे दौंड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात ती आरोग्यसेविका आहे. राहायला शिरूरला, नोकरी पस्तीस किलोमीटरवर. उपकेंद्राच्या वस्त्या उसाच्या रानात. तिथल्या चाकोऱ्यांत स्कूटी रुतते, म्हणून नवऱ्याची, आयुषची, जुनी सव्वाशे सीसीची मोटारसायकल ती चालवायला लागली. सासू धुरपदाबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. बाईमाणूस, पडली-झडली म्हणजे? मी स्वतः त्यांच्या ओट्यावर जाऊन भांडलो. म्हटलं, गाडी मी शिकवतो, गाडी मी बघतो, काही झालं तर मला विचारा. असं बोललो मी, चार माणसांसमोर.

डिसेंबर संपत आला होता. एक तारखेला कोरेगाव भीमाला जायचं म्हणून आमच्या वस्तीतल्या निम्म्या गाड्या माझ्या दारात उभ्या होत्या. त्या गर्दीत सकाळी आठला सीमा आली. लसींचा निळा डबा मागे बांधलेला, हातमोजे काढून ती उजवा अंगठा चोळत होती.

“मामा, ही बोटं पार बधिर व्हत्यात. लिव्हर लांब पडती. नुसती शेंडं पुरत्यात.”

तिचा हात लहान आहे, सातवीतल्या पोरीएवढा. तिच्यासाठी मी पुण्याहून दोन बोटांच्या आखूड लिव्हर मागवून ठेवल्या होत्या. क्लचची आणि ब्रेकची, दोन्हीवर छोटी चकती. एक ते सहा आकडे. चकती फिरवली की लिव्हर मुठीच्या जवळ येते किंवा लांब जाते. क्लचचं काम सोपं होतं. लिव्हर एकवर आणली, केबलीत दोन रुपयांच्या नाण्याएवढी ढील ठेवली, सीमानं दाबून बघितली आणि तिचा चेहरा खुलला.

“लोण्यावानी चाललीय, मामा.”

ब्रेकला मात्र अडलं. चकती एकवर आणली की लिव्हर इतकी जवळ यायची की ब्रेक धरायच्या आत मुठीला टेकायची. शिवाय माल नकली. लिव्हर आणि आतला दट्ट्या यांच्यात फट जास्त होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, तीनवर चालव. पण पोपटच्या गॅरेजात आलेला माणूस तडजोड करून जात नाही, हा माझा तोरा. मी डब्यातून नटाखाली घालतात तसला एक पितळी वायसर काढला, कानशीनं घासून पातळ केला आणि लिव्हरच्या खाचेत, जिथं ती दट्ट्याला ढकलते तिथं, बसवला. फट गेली. आता बोट लावलं की ब्रेक धरत होता.

सीमानं दोन-तीनदा दाबून बघितलं. “मामा, आधी थोडी रिकामी यायची, मग धरायची. आता रिकामी येतच न्हाई.”

“रिकामी यायला ती काय बाजारची पिशवी हाय? ब्रेक म्हंजी बोट लागल्या लागल्या धरला पायजे.”

“न्हाई, आपलं विचारलं.”

“तू सुया टोच. ब्रेकचं मला कळतं.”

ती हसली. तिला माझ्या बोलण्याची सवय आहे. मी दारात थांबलेल्या एका गिऱ्हाइकाला, विश्वजीतला, गाडीचं मागचं टोक दाबून धरायला लावलं, पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. चाक गर्रकन फिरलं, फिरतच राहिलं. माझी सव्वीस वर्षांची परीक्षा हीच. चाक मोकळं फिरलं म्हणजे ब्रेक कुठं घासत नाही, गाडी पास. जुन्या ड्रम ब्रेकच्या गाड्यांवर मी शिकलो, तिथं ही परीक्षा कधी खोटी ठरली नव्हती.

विश्वजीत कर्ड्याचा, बागायतदाराच्या घरातला. त्याच्या गाडीला तसल्याच लिव्हर, पण त्या निव्वळ शोभेसाठी. सीमाचा ब्रेक बघून तो अडून बसला. “आप्पा, आपल्याबी गाडीला तसाच करा. बोट लागलं की धरला पायजे.” मी त्यालाही वायसर घासून दिला.

सीमा पावणेनऊला निघाली. हेल्मेट घातलं, पट्टा लावला, आरशात बघितलं. “पुढचा ब्रेक आधी, मागचा मागनं,” मी ओरडलो. “व्हय मामा,” म्हणून ती न्हावऱ्याच्या दिशेनं गेली. नऊला विश्वजीतही गेला, गावात मिरवायला.

साडेनऊच्या पुढं तो परत आला तो लालबुंद होऊन. गाडी रस्त्यातच सोडून माझ्या अंगावर धावून आला.

“आप्पा, काय करून दिलंय? बाजारात पुढचं चाक जाम! चार जणांनी उचलून गाडी कडंला घेतली. लोकं हसाय लागली.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “जाम झालं तर आलास कसा? उडत?”

“दहा-पंधरा मिनटं उभी व्हती. मग आपोआप सुटली.”

“तुला चालवाय येत न्हाई. ब्रेकवर बोट ठिवून चालवतोस आन् मला सांगतोस.”

“आईशप्पत आप्पा, बोटबी लावलं नव्हतं. गाडी आपोआप जड व्हत गेली. मागनं कुणी धरल्यावानी.”

मी पुढे झालो, ते त्याला खोटं पाडायलाच. चाक उचलून फिरवलं. फिरलं. त्याच्याकडं विजयानं बघितलं आणि त्याच वेळी मला वास आला. जळक्या पॅडचा. खाली वाकलो. चकचकीत डिस्कवर निळसर कडं उमटलं होतं, तव्यावर उमटतं तसं. हात जवळ नेला तर धग लागली.

आपोआप सुटली. हे दोन शब्द मला आता ऐकू आले.

मी लिव्हर खोलली. बोल्ट दोनदा निसटला. आत बघितलं. दट्ट्या पूर्ण मागे येत नव्हता. केसभर, फक्त केसभर, माझा वायसर त्याला पुढे दाबून धरत होता.

डिस्क ब्रेकात वायर नसते, तेल असतं. लिव्हर सोडली की दट्ट्या पुरता मागे जायला लागतो, तेव्हाच तापून फुगलेलं तेल वरच्या डबीत परत जातं. दट्ट्या जरासा जरी पुढे अडकला तर परतीची वाट बंद. मग तेल तापतं, फुगतं आणि कुणी न दाबता ब्रेक लागायला लागतो. लागला की घासतो, घासला की आणखी तापतो, तापला की आणखी लागतो. शेवटी चाक गच्च. आणि गाडी थंड झाली की सगळं पहिल्यासारखं. ती रिकामी ढील म्हणजे ब्रेकचा श्वास होता आणि तो मी हौसेनं बंद केला होता. मला हे माहीत नव्हतं असं नाही. कंपनीच्या शिबिरात ऐकलं होतं, मागच्या बाकावर बसून, शिकवणाऱ्या पोराला हसत.

विश्वजीत बाजारात होता, वेग पंधरा-वीस. सीमा मोकळ्या रस्त्यावर होती, पन्नास-साठवर.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडीवर असताना आभाळ कोसळलं तरी फोन उचलायचा नाही, हे मीच तिला शिकवलेलं. चौथ्यांदा लावताना मी भिंतीला टेकलो. विश्वजीत विचारत होता, “काय झालं, आप्पा?”

मग पप्पू आठवला. न्हावऱ्यात त्याचं पंक्चरचं दुकान आहे. माझ्याच हाताखाली शिकला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

“जय भीम, वस्ताद.”

“पप्पू, सीमा गेली का तिकडनं? आडवा हो, थांबव तिला.”

“आवो, ती थांबलीच व्हती की. गाडी जड लागतीय म्हणली. पुढच्या चाकात हवा कमी असंल म्हणून मी हवा भरली.”

“मग?”

“मग काय. तिचं समाधान व्हईना. म्हणली, चाक बघ. मी च्या पाजला, च्या झाल्यावर चाक उचलून फिरवलं. एकदम फ्री, वस्ताद. तुमी शिकवलंय तसंच बघितलं. म्हणलं, काय न्हाई ताई, बिनधास्त जावा. आत्ता पाच-सात मिनटं झाली.”

मी फोन ठेवला. त्याला शिवी द्यायची होती, पण ती त्याच्या वाटणीची नव्हती.

माझी जुनी गाडी काढली. किक मारताना विश्वजीतला एवढंच म्हणालो, “तुझी गाडी हलवायची न्हाई. चावी काढून ठिव.” आणि निघालो.

उसाचा हंगाम. रस्ताभर ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ढिगानं ऊस, स्पीकरवर गाणी कर्कश. एरवी मी त्यांना शिव्या घालत ओलांडतो. त्या दिवशी मला प्रत्येक ट्रॉलीच्या मागची चाकं दिसत होती. सीमाची गाडी अशा ट्रॉलीच्या पुढे असताना अडकली तर? मागचा काय थांबणार आहे? डोक्यात हिशोब चालू होता. न्हावऱ्यात गाडी चहापुरती थंड झाली. म्हणजे पुन्हा तापायला पाच-सहा किलोमीटर. गावागावांत गतिरोधक, प्रत्येकावर ती ब्रेक दाबणार, पुढचा आधी, मामानं सांगितलंय तसा. आलेगाव पागाच्या पुढं जाईल. मग नदीकडचा उतार. उतारावर तर माणूस ब्रेक दाबतोच.

न्हावऱ्यात पप्पू रस्त्यावर उभा राहून हात करत होता. मी थांबलो नाही.

आलेगावच्या अलीकडे गर्दी दिसली. पंधरा-वीस माणसं रस्त्यात वाकलेली, एक ट्रॅक्टर आडवा. जवळ गेलो तर ट्रॉलीतून ऊस सांडला होता आणि लोक मोळ्या गोळा करत होते. एक म्हातारा मला म्हणाला, “घ्या की दोन कांडं.” मी त्याच्याकडं असा बघत राहिलो की तो मागे सरकला. क्षणभर वाटलं, सुटलो. काही होणार नाही, ती केंद्रात पोचली असेल, पोरांना पोलिओचे थेंब पाजत असेल. पुढचे सहा-सात किलोमीटर मी हेच मनाशी म्हणत गेलो.

पारगावच्या पुलाच्या अलीकडे, उताराला, ती गाडी रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. निळा डबा फुटून बर्फाच्या पिशव्या मातीत पसरल्या होत्या. हेल्मेट पालथं. सीमा नव्हती.

“कुठाय? पोरगी कुठाय?” मी ओरडलो.

उताराला बानूबाईंची चहाची टपरी आहे. त्या पदरानं हात पुसत पुढे आल्या. “जित्ती हाय, दादा. आधी बसा. पिकअपमधनं केडगावच्या दवाखान्यात नेलीया. खांद्याचं हाड मोडलंय, तोंड खरचटलंय. हेल्मेट व्हतं म्हणून वाचली.”

मी तिथंच मातीत बसलो. रडू आलं, लपवलं नाही.

“म्या डोळ्यानं बघितलं,” बानूबाई सांगत होत्या. “पुढं ना ट्रॅक्टर ना कुत्रं. रस्ता निस्ता मोकळा. आन् गाडी एकदम पुढच्या चाकावर उभी ऱ्हायली, आन् पोरगी वरनं गेली. उचलताना एकच बोलत व्हती. मी ब्रेक दाबलाच न्हाई, मी ब्रेक दाबलाच न्हाई.”

बाजूला उभे असलेले दोघे हसले. एक म्हणाला, “घाबरली असंल. गचकन दाबला आन् आता कळंना. बायांनी स्कूटी चालवावी गप.”

चौकीचा हवालदार आला होता. त्यानं गाडी उभी करून घेतली, एका पोराला मागे दाबायला लावलं आणि पुढचं चाक फिरवलं. चाक गर्रकन फिरलं. मला ते बघवेना. गाडी पडून अर्धा तास होऊन गेला होता, डिस्क गार पडली होती.

“तुम्ही मेकॅनिक ना? शिरूरचे पोपटराव?” त्यानं मला ओळखलं. “बरं झालं. माझी दुचाकी तुमीच बघता. एकदा हात लावून सांगा, म्हंजी कागदावर घेतो. ब्रेक बरोबर हाय ना?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. आयुष. कंपनीतून, मागे यंत्रांचा आवाज.

“मामा, केडगावहून फोन आला. तुम्हाला कळलं का?”

“मी तिथंच हाय.”

“तिचा फोटो पाठवलाय त्यांनी. मामा, मला बघवंना.” त्याचा आवाज फाटला. मग चढला. “लोकं सांगत्यात, मोकळ्या रस्त्यावर पडली. तिला गाडी आवरत न्हाई, मामा. आई पहिल्यापास्नं सांगत व्हती. आता बास. गाडी बंद, नोकरीबी बंद. मी आत्ताच उपकेंद्रातल्या ताईंना सांगितलं, सुपरवायझरला राजीनामा कळवा म्हणून.”

“आणि सीमा काय म्हणती?”

“ती काय म्हणणार. ब्रेक दाबलाच न्हाई म्हणती. मग काय भुतानं दाबला?”

हवालदार पेन घेऊन माझ्याकडं बघत होता. खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्या मनात आलं. ब्रेक बरोबर आहे, एवढे तीन शब्द. चाक फिरतंय, पंचवीस माणसांनी बघितलंय. वायसर मी आजच काढून घेतला तर जगात कुणाला कळणार नाही. गॅरेज राहील, वस्ताद राहील. सीमाचं हाड जुळेल. फक्त ती आयुष्यभर सांगत राहील की मी दाबला नव्हता, आणि एक दिवस तिचं तिलाच खरं वाटेनासं होईल. उपकेंद्र जाईल, गाडी जाईल, आणि धुरपदाबाईंच्या ओट्यावर ती भाजी निवडत बसेल, गाडी न आवरणारी बाई म्हणून.

“थांब, आयुष. फोन ठिवू नको,” मी म्हणालो आणि फोन तसाच चालू ठेवून बानूबाईंच्या हातात दिला. “बाई, चहाचं आधण ठिवलंय ना? उकळतं द्या. सगळं.”

त्या बघतच राहिल्या, पण पातेलं उतरवून दिलं. मी फडक्यानं ते धरलं, गाडीपाशी आलो. पोराला म्हणालो, मागं दाबून धर, पुढचं चाक वर राहू दे. हवालदाराला म्हणालो, “साहेब, तुमी सवता चाक फिरवत ऱ्हावा. मुठीला कुणी हात लावायचा न्हाई. सगळ्यांनी बघा, लिव्हर मोकळी हाय.”

तो चाक फिरवू लागला. मी पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर, डिस्कला पॅड आवळणाऱ्या पेटीवर, उकळतं पाणी हळूहळू ओतायला लागलो. वाफ आली. चाक फिरत होतं. लोकांत कुजबुज सुरू झाली, म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणून. मी ओततच राहिलो. निम्मं पातेलं संपलं तेव्हा चाकाचा आवाज बदलला. खस्स, खस्स. हवालदारानं जोर लावला. चाक एक फेरा कसाबसा गेलं, मग अर्धा, मग थांबलं. त्यानं दोन्ही हातांनी ओढून बघितलं, बुटानं लाथ मारली. हललं नाही.

मुठीवर कुणाचाही हात नव्हता. सगळे त्या मोकळ्या लिव्हरकडं बघत होते आणि मघाचे हसणारे दोघे चार पावलं मागे सरकले होते.

“हे कुणी दाबलं?” हवालदारानं विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

मी पातेलं खाली ठेवलं. हात भाजला होता, ते तेव्हा कळलं नाही. बानूबाईंच्या हातातून फोन घेतला. आयुष अजून होता. काय चाललंय, काय चाललंय, असं विचारत होता.

“आयुष, ऐक. आन् घरी गेल्यावर आईला शब्दाला शब्द सांग,” मी म्हणालो. “सीमा खरं बोलतीय. तिनं ब्रेक दाबलाच न्हाई. तो मी सकाळीच दाबून पाठवला व्हता.”